अंगठ्याचं हाड बाहेर आलंय? फिरणं सोडू नका

पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी येणारा उंचवटा, म्हणजे बनियन, हे सहसा नव्याने वाढलेलं हाड नसतं. तळव्यातलं पहिलं लांब हाड बाजूला सरकतं, अंगठा शेजारच्या बोटाकडे झुकतो आणि मधला सांधा बाहेर येतो. पायाची अशी ठेवण बरेचदा घराण्यातूनच येते. निमुळते, उंच टाचांचे बूट त्रास वाढवतात.

नागपुरात फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी बूट बदलावेत, फिरणं नव्हे. सीताबर्डीच्या बाजारात बूट घ्यायला संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे सुजतात, नागपूरच्या मे महिन्यात तर जास्तच. घरी उभं राहून पावलाभोवती कागदावर पेन्सिल फिरवा, दुकानात बूट त्या आकृतीवर ठेवा. रेघ बुटाबाहेर दिसली, तर तो जोड परत द्या. उंचवट्यावर शिवण येत असेल, तरीही नको.

ठणका असेल त्या दिवशी सायकल किंवा पोहणं बरं. बोटांमधल्या सिलिकॉनच्या गादीने घर्षण कमी होतं. रात्री बांधायच्या पट्ट्यांनी मोठ्या माणसांचं हाड कायमचं सरळ होत नाही. त्यांच्या जाहिरातींना भुलू नये.

सांधा अचानक लाल, गरम झाला तर गाऊटची शंका घ्या. मधुमेह असेल, तर लहानशी जखमही लगेच दाखवा. नागपूरच्या मेडिकल, मेयो, एम्स या तिन्ही रुग्णालयांत अस्थिरोग विभाग आहे. शस्त्रक्रिया दुखणं थांबतच नसेल तर करायची, दिसण्यासाठी नाही. त्यानंतर हाड जुळायला साधारण 6 आठवडे लागतात, पळायला काही महिने.