संगणकाला काय सांगावयाचें?

वारणा नदी सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांची सीमा आंखीत येते आणि सांगलीजवळ हरिपूर येथें कृष्णेस मिळते. तिच्या उत्तर तीरावरील वाळवें व शिराळें हा मुलूख 1949 पर्यंत सातारा जिल्ह्यांतच मोडत असे. या नदीच्या दोन्ही अंगांच्या सत्तर गांवांसाठीं 1998 सालीं एक मोठा प्रयोग सुरू झाला. वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याभोवतीं गांवोगांवीं संगणककेंद्रें उघडलीं. शेतीचें ज्ञान, बाजारभाव, सरकारी माहिती असें पुष्कळ कांहीं तेथें मिळावें, अशी योजकांची उमेद होती.

कांहीं वर्षांनीं संशोधकांनीं त्या केंद्रांचा प्रत्यक्ष वापर पाहिला. शेतकरी येत ते मुख्यतः कारखान्याशीं असलेल्या हिशेबासाठीं: ऊस किती भरला, खत किती उचललें, पैसे किती निघाले. 2007 च्या सुमारास सात गांवांत हेंच काम साध्या मोबाइलच्या लघुसंदेशांवर चालवून पाहण्यांत आलें, आणि तें नीट चाललें. मग गांवागांवांत संगणक मांडण्यापूर्वीं शेतकऱ्याच्या गरजेची चौकशी किती खोलवर झाली होती, हा प्रश्न उरतोच.

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकानें पाळावयाच्या आज्ञांचा संच. तो लिहिण्याआधीं कोणास काय हवें हें शोधून कागदावर नेमकें उतरविणें, ही स्वतंत्र विद्या आहे. तिचा पहिला पाठ असा कीं, 'तुम्हांस काय पाहिजे?' या प्रश्नाचें उत्तर क्वचितच उपयोगी पडतें. विचारावयाचें तें असें: आज हें काम कसें करतां, आणि कोठें अडतां?

उसाच्या नोंदीचेंच उदाहरण घ्यावें. कचेरींतील अधिकारी सांगेल, "लागणीची तारीख घ्या, बारा महिन्यांनीं तोड द्या." ऐकणाऱ्यानें तेवढेंच लिहून घेतलें तर अनर्थ ओढवेल. सुरू ऊस सुमारें बारा महिन्यांत तयार होतो. पावसाळ्यांत लावलेल्या आडसाली उसास दीड वर्षाच्या आसपास लागतें. खोडव्याला तर लागणीची तारीखच नसते, मागील तोडीची असते. ही गोष्ट कचेरींत कळत नाहीं असें नव्हे, पण ती इतकी अंगवळणीं पडलेली असते कीं सांगावयाचें कोणास सुचत नाहीं. चिटबॉयाबरोबर फडांत एक दिवस घालविला, काट्यावर उभें राहून पावत्या पाहिल्या, म्हणजे ती सहज हातीं लागते. क्षेत्राचेंही तसेंच. शेतकरी गुंठ्यांत बोलतो, चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर व आर. संगणकाच्या चौकटींत कोणतें माप भरावयाचें हें लिहून ठेवलें नाहीं, तर चाळीस गुंठेवाल्याच्या नांवावर चाळीस हेक्टरही चढूं शकतील! सातबारा एकाच्या नांवें आणि कसणारा दुसरा, असेंही घडतें. मग बिल कोणाच्या खात्यावर जमा व्हावें? असे अपवाद विचारून काढण्यांतच खरें कसब आहे. तोड लांबली म्हणजे ऊस वाळतो, वजन घटतें, आणि त्याचा फटका शेतकऱ्याच्या वर्षाच्या मिळकतीस बसतो.

दुसरा भाग लिहिण्याचा. 'शेतकऱ्यास वजन लवकर कळावें' हें वाक्य कानास गोड, पण कामास निरुपयोगी. 'लवकर' म्हणजे तासाभरांत कीं आठवड्यांत? त्याऐवजीं असें लिहावें: 'रिकामी गाडी काट्यावरून उतरल्यापासून एक तासाच्या आंत निव्वळ वजन शेतकऱ्याच्या नोंदविलेल्या मोबाइलवर जावें, संदेश न गेल्यास त्याचें नांव गटकचेरीच्या यादींत दिसावें.' असें वाक्य घड्याळ लावून तपासतां येतें, आणि काम पुरें झालें कीं नाहीं याबद्दल वाद उरत नाहीं. प्रत्येक वाक्यापुढें तें कोणी मागितलें हेंही टिपावें. दोन मागण्या परस्परांशीं भांडूं लागल्या म्हणजे कोणाकडे जावयाचें तें कळतें.

टिपण तयार झाल्यावर तें केवळ व्यवस्थापकास दाखवून सही घेण्याची चाल आहे. तें मुकादमास, काट्यावरील कारकुनास आणि दोन-चार शेतकऱ्यांस मराठींत वाचून दाखवावें. ऐकतां ऐकतां त्यांतील एखादा म्हणतो, "पण रात्रीं आलेल्या गाडीची तारीख कोणती धरायची?" आणि टिपणांत आणखी एक कलम वाढतें.