पावसाळ्याची बेगमी आणि रविवारचं मटण

लेखमाला : ताटातलं हवामान – लेखांक ७

धानाच्या बांधीत साचलेल्या पाण्यातून मिथेन कसा तयार होतो, ते मागच्या लेखांकात पाहिलं. त्यानंतरचा प्रश्न ठरलेलाच होता : मग मटणाचं काय? नागपुरात हा प्रश्न बाजूला ठेवून ताटाविषयी बोलताच येत नाही. इथे सावजी रस्सा आहे, पोळ्याची कर आहे, पाहुणा आला की कोंबडी आहे. आणि नेमक्या याच दिवसांत, एप्रिल-मेच्या उन्हात, गच्च्यांवर जुन्या साड्या आणि चादरी अंथरून वाळवणं पडलेली असतात. या दोन गोष्टी एकमेकींना घट्ट बांधलेल्या आहेत. ऑगस्टमध्ये मांस कमी खायचं असेल, तर त्याची तयारी मे महिन्यात करावी लागते. आजचा सगळा लेख या एका वाक्यासाठी आहे.

आधी आकडे पाहू. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या दोन संशोधकांनी ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. एक किलो अन्न आपल्यापर्यंत पोचेतो हवेत किती वायू जातात, याचा तो हिशेब आहे. सगळे वायू कार्बन डायऑक्साइडच्या मापात मोजलेले. मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या एक किलो मांसामागे जवळपास १०० किलो, मेंढी-बकरीच्या मटणामागे सुमारे ४०, कोंबडीमागे १०, अंड्यांमागे पाचच्या आत आणि डाळींमागे दोनच्या आत. गुरं आणि बकऱ्या इतक्या वर असण्याचं कारण त्यांच्या पोटात आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटातले सूक्ष्मजीव चारा कुजवतात, त्यातून मिथेन होतो आणि तो ढेकरेवाटे बाहेर पडतो. त्यात चाऱ्यासाठी लागणारी जमीन मिळवली की आकडा फुगतो.

हे आकडे जगाची सरासरी आहेत, हे मात्र विसरायचं नाही. पडीक रानात, बांधावर चरून वाढलेली आपल्याकडची बकरी आणि खास पेरलेल्या कुरणावर पोसलेली परदेशी मेंढी यांना एकाच तराजूत घालणं बरोबर नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या किंवा भूमिहीन मजुराच्या घरची बकरी म्हणजे अडीनडीला विकता येणारी ठेव असते. तिला गुन्हेगार ठरवून मोकळं व्हावं, असं मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ‘मांस सोडा’ हे वाक्य आपल्या समाजात कधीच नुसतं पर्यावरणाचं राहत नाही, त्याला जातीचा वास लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या पुरुषांपैकी ८० टक्क्यांहून अधिक आणि बायकांपैकी सुमारे ७० टक्के मांसाहार करणारे निघाले. आपण शाकाहारी लोकांचा देश आहोत हा समज त्या आकड्यांपुढे टिकत नाही. पण यातले पुष्कळ जण थोडं थोडंच खातात. त्याच सर्वेक्षणात निम्म्याहून अधिक बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. ज्या घरात पंधरवड्यातून एकदा पाव किलो मटण पाच जणांत वाटलं जातं, त्या घराला ‘कमी करा’ सांगण्याचा हक्क कोणालाही नाही. मी बोलते आहे ती ज्यांच्या घरी आठवड्यातून चार-पाच वेळा कोंबडी शिजते त्यांच्याशी, आणि शहरातल्या नोकरदारांत अशा घरांची संख्या झपाट्याने वाढते आहे.

ती का वाढली, हे समजून घेतलं पाहिजे. ब्रॉयलर कोंबडी स्वस्त झाली, गल्लीच्या तोंडाशी मिळू लागली आणि अर्ध्या तासात शिजू लागली. तिचं एक किलो वजन वाढायला साधारण पावणेदोन किलो खाद्य लागतं आणि त्या खाद्यात मुख्य दोनच गोष्टी : मका आणि सोयाबीनची ढेप. इथे विदर्भाचा संबंध थेट येतो. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आपल्या खरिपाच्या रानातून ज्वारी हटत गेली आणि तिच्या जागी सोयाबीन आलं. ज्वारीबरोबर कडबा गेला, म्हणजे बैलाची वैरण गेली. ज्वारी-कपाशीच्या ओळींमध्ये मूग, उडीद, तूर, चवळी पेरायची पद्धत होती, तीही आक्रसली. आणि सोयाबीनचं आपण काय करतो? तेल काढून घेतो आणि उरलेली ढेप मोठ्या प्रमाणावर कोंबड्यांना जाते. ज्या वावरातून घरच्या मुगाच्या वड्या व्हायच्या, त्याच वावरातलं पीक आता पोल्ट्रीच्या शेडमधून फिरून आपल्या ताटात येतं. म्हणून कोंबडीचा हिशेब किलोमागच्या दहा किलो वायूवर संपत नाही.

आता ऑगस्टकडे येऊ. नागपुरात जानेवारी-फेब्रुवारीत भाजीला उतार येतो. परसातली वांग्याची दोन झाडं एकदम लगडतात, कुंपणावर चढवलेला वालाचा वेल आवरेनासा होतो, बाजारात टोमॅटो मातीमोल होतात. सहा महिन्यांनी चित्र उलटं. पालेभाजी चिखलात सडलेली, गवार-भेंडी महाग. २०२३ च्या जुलैत टोमॅटोने देशभर किलोला शंभरी ओलांडली होती, ते सगळ्यांना आठवत असेल. अशा दिवसांत सायंकाळी कामावरून घरी परतणारी बाई किंवा बुवा पिशवीत काय घेऊन येईल? भाजीवाल्याकडे न्यावंसं काही नसतं, म्हणून कोंबडी येते. मांस कमी करण्याचे संकल्प मोडतात ते याच दोन-अडीच महिन्यांत. श्रावण पाळणाऱ्या घरांत डाळ-बटाट्यावर भागवलं जातं आणि श्रावण सुटला की दुप्पट भरपाई होते.

आपल्या आधीच्या पिढ्यांना हा खड्डा ठाऊक होता आणि तो भरायला त्यांच्याकडे मे महिन्याचं ऊन होतं. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. एरवीही मेच्या दुपारी पारा पंचेचाळिशीच्या आसपास असतो आणि हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आगेमागे. सोसवत नाही असं हे ऊन वाळवणाला मात्र वरदान आहे. कोकणात जे वाळवायला आठवडा लागेल, ते इथे तीन दिवसांत खडखडीत होतं.

वाळवल्याने पदार्थ टिकतो कसा? बुरशी आणि जिवाणू जगायला त्यांना मोकळं पाणी लागतं. पदार्थातलं पाणी आठ-दहा टक्क्यांवर आणलं की ते वाढूच शकत नाहीत. मीठ आणि साखर तेच काम वेगळ्या रीतीने करतात, असलेलं पाणी स्वतःकडे धरून ठेवतात. म्हणून लिंबाच्या लोणच्यात मिठाचा हात आखडता घेऊन चालत नाही. लिंबांच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकं मीठ हवंच.

मुगवड्यांपासून सुरुवात करा, असं मी सांगेन. सालाची मूगडाळ रात्री भिजत घालायची, सकाळी चोळून साल काढायची आणि पाणी पूर्ण निथळू द्यायचं. वाटताना पाणी घालायचं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. पाट्यावर वाटलेली उत्तम, मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवली तरी चालते. डाळ भरडच राहिली पाहिजे. त्यात आलं, लसूण, मिरची, जिरं, कोथिंबीर. मीठ बेताचं, कारण वाळल्यावर ते पुढे येतं. मग बोटांच्या चिमटीने बोराएवढ्या वड्या कापडावर सोडत जायचं. कापड सुती असलं तर ते खालून पाणी पितं. प्लॅस्टिकवर वडीचा तळ ओला राहतो. पहिल्या सायंकाळी वरून कवच धरतं आणि वडी झाली असं वाटतं. तशीच डब्यात भरली की पंधरा दिवसांत आतून काळी पडते. दुसऱ्या दिवशी उलटायची, तिसऱ्या दिवशी एक मोडून बघायची. टक्कन आवाज येऊन दोन तुकडे झाले आणि आत कुठेही गडद ठिपका दिसला नाही, म्हणजे झाली.

वांग्याच्या खुलांना, म्हणजे सुकवलेल्या फोडींना, एवढाही खटाटोप नाही. कोवळी वांगी उभी चिरून, मिठाच्या पाण्यातून काढून खाटेवर टाकायची. हरभऱ्याच्या पाल्याची वेळ मात्र आता गेली, तो पुढच्या हिवाळ्यासाठी ध्यानात ठेवा. महिन्याभराच्या हरभऱ्याचे शेंडे खुडले की झाडाला फांद्या फुटतात आणि घाटे वाढतात, म्हणजे शेतकऱ्याचंही भलंच. तो पाला सावलीत वाळवायचा, उन्हात त्याचा रंग आणि चव दोन्ही जातात. पावसाळ्यात हातावर चुरून, ज्वारीचं पीठ लावून ताकात शिजवला की त्या आंबूस भाजीपुढे दुसरं कालवण लागत नाही.

वाळवण म्हणजे केवळ पापड-कुरड्या, असंही समजू नये. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाच्या खाण्याची नोंद केली आहे. त्यात मांसाच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवलेल्या चान्या आहेत. मिळेल तेव्हा मिळालेलं वाया जाऊ न देता पुढच्या उपाशी दिवसांसाठी राखणं, ही विद्या त्या घरांत किती बारकाईने जपली गेली, हे ते पुस्तक वाचून कळतं. १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, ते माणसाच्या प्रतिष्ठेसाठी. अन्नाबद्दलचा कोणताही सल्ला त्या प्रतिष्ठेला धक्का न लावता द्यायचा असतो, आणि दीक्षाभूमीच्या शहरात तर त्याची आठवण सतत ठेवली पाहिजे.

पूर्व विदर्भातलं आणखी एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. भंडारा-गोंदियाकडे वांग्याच्या खुला सुकलेल्या झिंग्यांबरोबर शिजवतात. चौघांच्या भाजीत झिंगे मूठभर. चव सगळी त्यांची आणि पोट भरणारा ऐवज वांग्याचा. मांसाहार कमी करण्याचा याहून शहाणा मार्ग मला माहीत नाही. सावजीतही तो आहेच. हलबा-कोष्टी विणकरांच्या घरांतून आलेल्या या स्वयंपाकात मटणाइतकाच मान पाटोडीला आहे. घट्ट शिजवलेलं बेसन ताटात थापून, वड्या पाडून त्याच काळ्या, झणझणीत रश्शात सोडायच्या. सुकं खोबरं, खसखस, मिरी, सुंठ, दगडफूल : जिभेला ओढ असते ती बहुतांशी या वाटणाची. मुगवड्या थोड्या तेलात लालसर परतून त्या रश्शात दहा मिनिटं उकळल्या की त्या रस पितात आणि चावायला मांसासारख्या भरीव लागतात. रविवारचं मटण राहू द्या. मधल्या वारांची कोंबडी या वड्यांनी सहज मागे सरते.

पोषणाचं काय, हा प्रश्न योग्यच आहे. शंभर ग्रॅम मूगडाळीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिनं असतात. डाळीत जे अमिनो आम्ल कमी पडतं ते ज्वारी, गहू, तांदूळ भरून काढतात, म्हणून वड्यांच्या रश्शाबरोबर भाकर हवी. उन्हात क जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं आणि वनस्पतीतलं लोह अंगी लागायला तेच मदत करतं. ताटात लिंबाची फोड त्यासाठीच. बी-१२ जीवनसत्त्व मात्र डाळी-भाज्यांत नाही. दूध, दही, अंडी यांतलं काहीतरी रोज पोटात जायला हवं. गरोदर बायका, वाढती मुलं आणि रक्त कमी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मांस कमी करू नये.

एक इशारा कळकळीने द्यायचा आहे. हल्ली भाज्या उकळून, काचेच्या बरणीत हवाबंद करून महिनोन्महिने बाहेर ठेवण्याचे व्हिडिओ फिरतात. आंबटपणा नसलेली भाजी अशी घरी बंद केली, तर हवा नसलेल्या त्या बरणीत बोटुलिझमचा जिवाणू वाढू शकतो. त्याचं विष जिवावर बेतणारं असतं आणि पुष्कळदा त्याला वास किंवा चव नसते. लोणचं, मुरंबा, वाळवण हे आपले मार्ग सुरक्षित आहेत. अर्धवट वाळलेल्या मिरच्या-शेंगदाण्यांवर हिरवट बुरशी दिसली, तर झटकून वापरू नका, सरळ फेका.

फ्रीजर आहे की, असं कोणी म्हणेल. दोन किलो मटार ठेवायला हरकत नाही. पण आपल्या भागातली वीज मुख्यतः कोळशावर तयार होते आणि तो कोळसा कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांत जळतो. तिथल्या वस्त्यांत घरांवर राख बसते. गच्चीवर काही वाळत घालायचं तर आधी त्या राखेचा विचार करावा लागतो. आपण वर्षभर भरलेला डीप फ्रीजर चालवायचा आणि तिथल्या बाईने आपल्या कुरड्या राखेपासून झाकत बसायचं, हे मला पटत नाही.

आणि हे काम कोणी करायचं? वाळवणाचा सगळा भार आजवर घरातल्या बायकांनी वाहिला, भर उन्हात, पहाटेपासून. नोकरी करणाऱ्या सुनेवर तो नव्याने लादायचा असेल, तर ती बेगमी नको. डाळ वाटणं, कापड ताणून बांधणं, दुपारी वड्या उलटणं हे पुरुषांना आणि शाळेला सुट्टी लागलेल्या मुलांना उत्तम जमतं. ज्यांच्याकडे गच्ची नाही किंवा वेळ नाही, त्यांनी जवळच्या बचत गटाकडे आत्ताच मागणी नोंदवावी. जून उजाडल्यावर चांगल्या मुगवड्या उरत नाहीत.

किलोभर डाळीच्या वड्या चौघांच्या घराला सहा-सात जेवणांना पुरतात. दोन किलोंच्या केल्या, बरोबर थोड्या खुला आणि एक बरणी लिंबाचं लोणचं, की जुलै-ऑगस्ट निघतो. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, २५ मेच्या सुमारास लागतो, ते ऊन दवडू नका. डबे स्टीलचे किंवा काचेचे, कोरडे, वर दोन-चार कडुलिंबाची वाळलेली पानं. पावसाला सुरुवात झाल्यावर डबा उघडायचा तो कोरड्या हाताने, आणि झडीनंतर लख्ख ऊन पडलं की वड्यांना पुन्हा एकदा तासभर दाखवायचं.

पुढच्या लेखांकात जवस : तेल, चटणी आणि वावरातून त्याचं मागे पडणं.