गोधडी जुनी की नवी? आवड शिवणाऱ्याची, पैसा गिऱ्हाइकाचा

दिवाळी उरकते, पहाटेच्या गारठ्यात अंगावरची चादर पुरेनाशी होते आणि पिंजाऱ्याच्या दुकानापुढे जुन्या गाद्या-रजयांची गाठोडी येऊन पडू लागतात. घरोघरी ट्रंका उघडून जुनी लुगडी, साड्या, चादरी बाहेर निघतात. अंथरूण-पांघरुणाच्या धंद्याचा हा हंगाम. कोठे पिंजारी, कोठे नदाफ, कोठे मन्सुरी म्हणवणारी आपल्या समाजातील कितीतरी घरे या धंद्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगत आली. नद्दाफ म्हणजे अरबीत कापूस पिंजणारा. ज्या मन्सूर हल्लाज यांच्यावरून ही मंडळी स्वतःला मन्सुरी म्हणवतात, त्यांच्या नावातल्या ‘हल्लाज’ या शब्दाचा अर्थही तोच. पुरुषांनी कापूस पिंजून गाद्या-रजया भरायच्या आणि बायकांनी दुपारच्या सवडीत गोधड्या शिवायच्या, अशी साधारण वाटणी.

या शिवणाऱ्यांत हल्ली दोन तट दिसतात. एकाला जुने सुती कापड, हातचा धावदोरा आणि आजीच्या हातची मांडणी हवी. दुसऱ्याला नवे, चमकदार, न विटणारे कापड आणि मशीनची टीप बरी वाटते. वरवर पाहता हा आवडीचा प्रश्न आहे आणि आवडीबद्दल भांडण कशाला करायचे! परंतु या आवडीवर किती कापूस खपतो, कोणाच्या हाताला काम मिळते आणि गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढते की नाही, हे सारे ठरते. म्हणून आम्ही हा विषय व्यापाराच्या पानावर घेतला आहे.

आधी कापड

गोधडी मुळात जुन्याचीच. नऊवारी लुगडे विरले की त्याची गोधडी व्हायची. एका लुगड्यात पाच फूट रुंद, साडेसात फूट लांब गोधडीची एक बाजू निघून वर आतल्या थरालाही तुकडा उरतो. शिवाय वर्षानुवर्षे धुऊन धुऊन सुती कापड असे मऊ होते की नवे कापड कितीही भारी घेतले तरी तो मऊपणा येत नाही. सुई अलगद जाते, घाम टिपला जातो आणि तान्ह्या मुलाला टोचत नाही. फाटलेल्या भागावर ठिगळ, काठाची किनार, कोपऱ्यात त्रिकोणी तुकडे. नक्षी अशी गरजेतूनच आली.

ही लुगडी कोठून यायची, हेही आपल्या वाचकांनी लक्षात घ्यावे. मालेगावच्या मोमीन विणकरांचे माग रंगीत सुती साड्यांसाठी नावाजलेले होते. खेड्यापाड्यांतल्या बाया त्या नेसत आणि विरल्या की त्यांच्याच गोधड्या शिवत. म्हणजे एका मुसलमान विणकराचा माल शेवटी गोधडीच्या रूपाने दुसऱ्याच्या घरात ऊब देत होता. पुढे सुरतेच्या नायलॉन-पॉलिस्टरच्या साड्या आल्या. त्या स्वस्त, हलक्या, धुतल्या की लगेच वाळणाऱ्या. सुती लुगड्याची मागणी घटली आणि मालेगावचे पुष्कळ माग कोऱ्या कापडाकडे वळले. त्यानंतर वीस वर्षांनी ट्रंक उघडली तर गोधडीला काढायला सुती लुगडेच नाही, जॉर्जेट आणि पॉलिस्टर तेवढे उरलेले. आवड बदलायच्या आधी ट्रंकेतला माल बदलला होता.

शिवणारीला एक, घेणाऱ्याला दुसरे

येथे एक गंमत आहे. शहरातले शिकले-सवरलेले गिऱ्हाईक हल्ली पारंपरिक गोधडी मागते. त्याला सुती मलमल हवे, फिके रंग हवेत, हातचा टाका थोडा वाकडा असला तर अधिक बरे, खणाचा तुकडा लावला तर बेहतर. आणि शिवणारी बाई? तिला स्वतःच्या घरासाठी निवडायला सांगा. पुष्कळदा ती लाल, पोपटी, जरीचा भास असलेली चकचकीत साडीच उचलेल. फिका रंग तिला विटलेला वाटतो. आयुष्यभर विटलेलेच पांघरले, आता नवे का नको, हे तिचे म्हणणे आम्हाला मुळीच चूक वाटत नाही. पॉलिस्टरचा रंग जात नाही, ते कुजत नाही, पावसाळ्यातही वाळते. गरिबाच्या घरात हे गुण छोटे नव्हेत.

उलट बाजूही खरी आहे. पॉलिस्टरचे चार थर एकमेकांवर सरकतात आणि सुई वाकडी जाते. घाम मुरत नाही. ठिणगी पडली तर सुती जळते, पण पॉलिस्टर वितळून अंगाला चिकटते. ज्या घरात आजही चूल किंवा शेगडी पेटते तेथे, विशेषतः लहान मुलांच्या अंगावर, ते घालू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

नक्षीतही हाच फरक. जुन्या हाताची बाई कडेने टाका सुरू करते आणि चौकोनात चौकोन घेत मध्यावर येते. नव्या मुली मशीनवर शंकरपाळी टाकतात, कैरी, फुले, मुलांसाठी मोटारी आणि हत्तीही लावतात. यात वाईट काय? नक्षी कोणाची मिरास नाही. आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडे सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांत मुसलमान, ख्रिस्ती, हिंदू तिन्ही आहेत. त्यांच्या बाया ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात. त्याही कडेने सुरू करून आत येतात आणि चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांचे ‘फुला’ लावतात. रंग भडक आणि बिनधास्त. त्यांना कोणी फिके रंग शिकवले नाहीत, आणि आज तीच कवंदी लोक परदेशी नेतात. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या खेड्यातल्या काळ्या बायांनी शेतावरच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. 2002 साली त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि जाणकारांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रांशी केली. शिवणाऱ्यांना ती घरातली पांघरुणे होती, पाहणाऱ्यांना नवी कला वाटली. तेव्हा जुने कोणते आणि नवे कोणते, हे शिवणाऱ्याच्या दारात एक आणि विकत घेणाऱ्याच्या दारात दुसरे असते.

टाक्याचा हिशेब

आता पैशाकडे येऊ. कारण हातच्या गोधडीची किंमत सांगताना आपल्या बाया नेहमी कमी सांगतात. पाच फूट बाय साडेसात फूट म्हणजे साठ इंच बाय नव्वद इंच. दोन ओळींत अर्धा इंच अंतर ठेवले तर धावदोऱ्याची एकूण लांबी 900 फूट, म्हणजे 300 वार होते. एक इंच अंतर ठेवले तर निम्मी, 150 वार. मिनिटाला सहा इंच हात चालला असे धरले, तर अर्ध्या इंचाच्या गोधडीला नुसत्या टाक्याचे 30 तास लागतात. कापड जोडणे, थर अंथरणे, काठ दुमडणे वेगळे. तासाला अवघे 50 रुपये धरले तरी मजुरी 1500 रुपये होते. शेजारणीने सांगितले म्हणून, किंवा दलाल म्हणाला म्हणून चार-पाचशेत गोधडी देणारी बाई स्वतःच्या तीस तासांचे काय करते ते तिने एकदा मोजावे.

मशीनवर हेच काम काही तासांत होते, म्हणून मशीनची गोधडी स्वस्त. ती स्वस्तच विकावी. तिला हातची म्हणू नये. दोन्ही माल एका दरात आणले की हातचा टाका मरतो, आणि एकदा का हे काम करणाऱ्या बाया उठून दुसऱ्या मजुरीला गेल्या की त्या परत येत नाहीत.

पिंजाऱ्याचे गणित वेगळे

रजईच्या दुकानात हाच वाद कापसावरून होतो. जुनी रीत म्हणजे वर लाल किंवा हिरवी साटण, अंगाकडून मांजरपाट किंवा मलमल, आत पिंजलेला कापूस आणि वर लांब टाके. लग्नातल्या जहेजच्या अंथरुणात अशीच रजई असे. नवी रीत म्हणजे छापील पॉलिस्टर आणि आत पांढरा शुभ्र फायबर. फायबरची रजई हलकी, फुगीर आणि धुता येणारी. तरुण गिऱ्हाइकाला तीच आवडते, आणि त्याला दोष देता येत नाही. तीन किलोची कापसाची रजई रोज घडी घालून माळ्यावर चढवायची कोणी?

परंतु कारागिराने एक गोष्ट विसरू नये. कापूस दबला, गोळे झाले की गिऱ्हाईक तीच रजई, तीच गादी घेऊन पुन्हा येते. कापूस उन्हात टाकायचा, पुन्हा पिंजायचा, थोडा नवा मिसळायचा आणि नवी खोळ शिवायची. एका घरातून दर दोन-तीन वर्षांनी काम. फायबर बसला की बसला, तो पुन्हा पिंजण्यासाठी कोणी आणत नाही. फोमची गादी आणि पानिपतची ब्लँकेटे तर पिंजाऱ्याला विचारतही नाहीत. धनुकलीची तात वाजवत गल्लीतून फिरणारा पिंजारी गेला, विजेचे मशीन आले, तेव्हा काम टिकले होते. आता कापूसच गेला तर मशीन कशावर चालवणार? म्हणून फायबर जरूर विका, पण कापसाच्या गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवू नका. जुनी गादी पिंजून देण्याची पाटी दुकानावर असू द्या. पुष्कळ नव्या वस्तीत लोकांना ती सोय मिळते हेच ठाऊक नसते.

एक दुखणे सांगितलेच पाहिजे. कपड्याच्या चिंध्या मशीनमध्ये फाडून केलेला मळकट कापूस काही ठिकाणी नव्या कापसाच्या भावात भरला जातो. काही ठिकाणी पॉलिस्टर मिसळलेले कापड शुद्ध सुती म्हणून खपवतात. चिंधीचा कापूस विकणे वाईट नाही. तो गरिबाच्या खिशाला परवडतो. नाव बदलून विकणे वाईट. गिऱ्हाइकाला पटवण्यासाठी दोरे काढून त्याच्यासमोर जाळून दाखवावे. सुती दोरा कागदासारखा जळतो, वासही तसाच येतो आणि मागे बोटाने उडणारी राख राहते. पॉलिस्टर आकसतो, काळा धूर सोडतो आणि थंड झाल्यावर टोकाला कडक मणी उरतो. गादी भरताना तिची एक बाजू उघडी ठेवून आतला कापूस गिऱ्हाइकाला दाखवावा आणि मग टाका घालावा. जुन्या दुकानदारांत ही रीत होती.

घरी शिवणाऱ्या बायांनी आणखी एक करावे. पुरी गोधडी शिवून गिऱ्हाइकाची वाट पाहण्यापेक्षा फूटभर लांबी-रुंदीचे चार नमुने शिवून ठेवावेत: जुने सुती अर्ध्या इंचाच्या टाक्यात, नवे मलमल एक इंचात, पॉलिस्टर हातशिलाईत आणि पॉलिस्टर मशीनवर. प्रत्येकाला दराची चिठ्ठी टाचावी. मोबाईलवरच्या फोटोत नक्षी दिसते, पण वजन आणि मऊपणा कळत नाही. गिऱ्हाइकाने चारही तुकडे हातात घेतले की त्याला काय हवे ते तोच सांगतो, आणि कापड त्यानंतरच फाडावे.