उद्धार माणसाचा की साऱ्या सृष्टीचा?

ख्रिस्ती धर्मातील ‘उद्धार’ म्हणजे पापी माणसाच्या आत्म्याची सुटका, असा अर्थ सामान्यतः घेतला जातो. बायबल वाचताना मात्र ही कल्पना याहून पुष्कळ व्यापक आहे, असे मला दिसले.

‘उत्पत्ती’ या पहिल्याच ग्रंथात जलप्रलय ओसरल्यावर देव नोहाशी करार करतो. तो एकट्या माणसाशी नाही. तारवातून उतरलेल्या पशुपक्ष्यांशीही आहे. इंद्रधनुष्य ही त्याची खूण. योनाच्या कथेत निनवे नगरीतील माणसांबरोबर तेथील गुराढोरांचाही देवाला कळवळा येतो. क्षुल्लक किमतीला विकल्या जाणाऱ्या चिमणीचाही देवाला विसर पडत नाही, अशी येशूची शिकवण आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ८व्या अध्यायात संत पौल साऱ्या सृष्टीचे कण्हणे ऐकतो आणि त्याला प्रसूतिवेदनांची उपमा देतो. या उपमेतच सारे मर्म आहे. प्रसूतीची वेदना मरणाची नसते, नव्या जन्माची असते.

ही करुणा मराठी वाचकाला अपरिचित नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) कोकणातलेच. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांची ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता धर्मप्रचाराची नाही. पण घायाळ होऊनही पिलांकडे परतणाऱ्या पक्षिणीचे दुःख तीत माणसाच्या दुःखाइतकेच मोठे ठरते.

आपल्या भागात हा विषय नुसता पुस्तकी राहत नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ८०हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही डोंगर खचला. सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. माणसांबरोबर मुकी जनावरेही गेली. मग देवाचे प्रेम कोठे होते, असा प्रश्न कोणीही विचारील.

याचे सोपे उत्तर ख्रिस्ती धर्माजवळही नाही. मेलेली माणसे अधिक पापी होती, असे मानण्यास मात्र येशूने स्पष्ट नकार दिला आहे. सिलोआमचा बुरूज कोसळून १८ जण मेले, तेव्हाचा त्याचा हा उपदेश लूकच्या शुभवर्तमानात आहे. ख्रिस्ती श्रद्धा सांगते ती एवढेच, की देव हे दुःख दुरून पाहत नाही. क्रुसावर तो स्वतः त्यात उतरला, आणि ज्यावर त्याने प्रेम केले त्यातले काहीही तो टाकून देणार नाही.

ही श्रद्धा आपली असो वा नसो, तिच्यातून निघणारे कर्तव्य मला सर्वांचेच वाटते. ज्या डोंगराच्या, नदीच्या आणि गुरांच्या आधाराने आपण जगतो, ती केवळ आपल्या उपयोगाची वस्तू नव्हे. तीही कोणाच्या तरी प्रेमाचा विषय आहे, एवढे जाणून वागलो तरी पुष्कळ झाले.