निगेटिव्हची शाई आणि अदृश्य प्रकाश

इंग्रज शास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये सायनोटाइप ही छायाचित्र छापण्याची पद्धत शोधून काढली. फेरिक अमोनियम सायट्रेट व पोटॅशियम फेरिसायनाइड यांचे द्रावण कागदावर लावून तो अंधारात वाळवितात. त्यावर निगेटिव्ह घट्ट टेकवून कागद उन्हात ठेवला असता, जेथे प्रकाश पोचतो तेथे फेरिक लवणाचे फेरस लवण होते व त्यापासून प्रशियन निळा हा रंग बनतो. उरलेली लवणे पाण्याने धुऊन जातात आणि तो भाग पांढरा राहतो.

असा कागद मंदगतीचा असल्याने त्यावर प्रतिमा मोठी करून छापणे व्यवहार्य नसते. चित्राच्याच आकाराची निगेटिव्ह लागते. आज ती इंकजेट प्रिंटरने पारदर्शक फिल्मवर छापता येते. मात्र डोळ्यांना उत्तम वाटलेली निगेटिव्ह पुष्कळदा फसते. चित्रातील पांढरे ढगही निळसर उमटतात. असे का व्हावे?

याचे कारण प्रकाशात आहे. हा कागद मुख्यतः जंबुपार, म्हणजेच अतिनील, किरणांनी पालटतो आणि ते किरण डोळ्यांना दिसत नाहीत. काळी दिसणारी एखादी शाई त्यांना बरीच वाट देते. उलट फिकट दिसणारी पिवळी शाई ते बऱ्यापैकी अडवू शकते. शाईची ही अडविण्याची शक्ती प्रकाशीय घनतेने मोजतात. घनता १ असता दहावा भाग प्रकाश पलीकडे जातो, २ असता शंभरावा.

इंकजेटच्या शाया मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. रंजकयुक्त शाईत रंग द्रवात विरघळलेला असतो. रंगद्रव्ययुक्त शाईत त्याचे सूक्ष्म कण तरंगत असतात. काळ्या रंगद्रव्ययुक्त शाईत बहुधा काजळीचे कण असून ते जंबुपार किरण चांगले शोषतात. शिवाय अशी शाई उन्हात सहसा कमी विटते. एकाच निगेटिव्हवरून अनेक प्रती काढावयाच्या असता हा गुण मोलाचा ठरतो.

तथापि निवड नावावरून करू नये, कारण निरनिराळ्या उत्पादकांच्या शाया सारख्या नसतात. प्रथम कोऱ्या फिल्मखाली कागद ठेवून पूर्ण गडद निळा रंग येण्यास लागणारा किमान वेळ ठरवावा. मग प्रत्येक शाईचे फिक्यापासून गडदपर्यंत चौकोन फिल्मवर छापावेत, ते पूर्ण वाळू द्यावेत आणि तेवढाच वेळ प्रकाश द्यावा. ज्या चौकोनाखाली कागद प्रथम पांढरा राहतो, तेवढी शाई पुरेशी होय. त्याहून अधिक शाई वापरल्यास चित्राच्या उजळ भागांतील बारकावे नाहीसे होतात. ज्या शाईचा एकही चौकोन कागद पांढरा राखीत नाही, ती या कामास निरुपयोगी समजावी.

पद्धत बदलली की ही कसोटी पुन्हा घ्यावी लागते. मिठाच्या द्रावणाने तयार केलेल्या चांदीच्या कागदास सायनोटाइपपेक्षा सामान्यतः अधिक घनतेची निगेटिव्ह लागते. म्हणून शाईची पारख डोळ्यांवर न सोपविता, ज्या कागदावर चित्र उमटावयाचे त्याच कागदाकडून करून घ्यावी.