जुन्या गाण्यावर नवी फुंकर

सुलतान बाजारातून लग्नाची वरात निघाली की बँडमध्ये कधी कधी वाकड्या नळीचे एक पितळी वाद्य चित्रपटगीत आळवताना दिसते. ते सॅक्सोफोन. पुष्कळांची त्याच्याशी ओळख एवढीच, म्हणून त्याची गणना वरातीच्या गलबल्यात होते. जॅझ संगीतात मात्र या वाद्याने, विशेषतः त्याच्या टेनर प्रकाराने, गवयाची गादी मिळविली आहे.

बेल्जियन कारागीर अडॉल्फ साक्स याने १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले. अंग पितळेचे असले तरी नाद निघतो तो वेताच्या एका पातीच्या कंपनातून. तेव्हा हे सनईचे दूरचे भावंडच म्हणावयाचे. टेनरचा पल्ला पुरुषाच्या गळ्याच्या जवळचा, म्हणून तो बोलल्यासारखा वाजतो.

आणि तो बोलतो काय? बहुधा जुन्या अमेरिकन नाटक-सिनेमांतली गाणी. तिकडे त्यांना 'स्टँडर्ड' म्हणतात. नाट्यसंगीतावर वाढलेल्या मराठी श्रोत्याला हे नवे वाटू नये. 'मानापमान' १९११ साली रंगभूमीवर आले. त्यातली पदे पुढे नाटकाचा आधार सोडून मैफलीत गायिली जाऊ लागली. स्टँडर्डचेही तसेच. नाटक विसरले जाते, चाल उरते.

या गाण्यांचा नेहमीचा साचा म्हणजे आठ आठ मापांचे चार खंड, प्रत्येक माप बहुधा चार मात्रांचे. एकूण १२८ मात्रांचे प्रशस्त आवर्तन. आधी मूळ चाल मांडावयाची, मग विस्तार. परंतु ख्यालात षड्ज अचल असतो, रागही तोच राहतो. येथे चालीखालचे स्वरमेळ थोड्या थोड्या मात्रांनी बदलत जातात आणि वादकाला सरकत्या जमिनीवर तोल सांभाळावा लागतो. कोलमन हॉकिन्सने ११ ऑक्टोबर १९३९ रोजी 'बॉडी अँड सोल' ध्वनिमुद्रित केले, तेव्हा आरंभीच्या काही मापांनंतर मूळ चाल जवळजवळ सोडूनच दिली. तबकडी तरीही लोकप्रिय झाली!

हॉकिन्सला आदर्श मानणाऱ्या सनी रॉलिन्सने निराळी वाट धरली. १९३० साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला हा वादक चालीचा एखादा तुकडा हाती धरी, तो उलटसुलट करी, मोडी, पुन्हा जोडी. १९५७च्या 'वे आउट वेस्ट' या तबकडीत त्याने गुराख्यांचे एक थट्टेखोर सिनेमागीत वाजविले आहे. साथीला बास आणि ड्रम, बस्स. स्वरमेळ धरणारा पियानो नाही. ते श्रोत्याला सॅक्सोफोनच्या एकट्या सुरातूनच उमगावे लागतात. हलके गाणे म्हणून नाक मुरडणाऱ्याने हे अवश्य ऐकावे.

कीर्ती शिखरावर असताना, १९५९ साली, त्याने मैफली बंद केल्या. आपले वादन आपल्यालाच पुरेसे वाटत नव्हते, हे कारण. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तो विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन तासन् तास रियाज करी. १९६१ साली तो परतला. पुढल्या वर्षीच्या तबकडीचे नावच 'द ब्रिज'.

तरी समाधान नव्हतेच. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात तो मुंबईला येऊन पवईच्या आश्रमात स्वामी चिन्मयानंदांच्या सान्निध्यात राहिला. ध्यानात मन ठरेना, अशी त्याची तक्रार होती. वाद्य वाजविणे हेच तुझे ध्यान, अशा अर्थाचे उत्तर मिळाल्याचे त्याने पुढे सांगितले आहे. १९७८ साली मुंबईत पहिली 'जॅझ यात्रा' भरली, तेव्हा रॉलिन्स पुन्हा या शहरात आला. या खेपेस सॅक्सोफोन घेऊन, रंगमंचावर.