वर्ध्याचा ०७१५२ की ३६९०?

जावास्क्रिप्ट शिकायला बसलेल्याला पहिल्याच तासाला सांगतात: व्हेरिएबल म्हणजे डबा, त्यात किंमत ठेवायची. इथवर ठीक. घोळ पुढे होतो, कारण डब्यात ठेवलं ते संख्या आहे की मजकूर, हे कोणी विचारत नाही.

अंक दिसले म्हणजे ती संख्याच, हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. वर्ध्याचा एसटीडी कोड ०७१५२. तो अवतरणचिन्हांशिवाय व्हेरिएबलमध्ये ठेवा (अंक अर्थातच इंग्रजी) आणि छापून बघा: ब्राउझर ३६९० दाखवतो. ब्राउझर बिघडलेला नाही. शून्याने सुरू होणारी संख्या जुन्या नियमाने अष्टमान पद्धतीत वाचली जाते. हिंगणघाटचा ०७१५३ म्हणूनच ३६९१ होतो. गंमत देवळीची. ०७१५८ मध्ये ८ आहे, अष्टमानात ८ हा अंकच नाही, म्हणून तो मुकाट ७१५८ होऊन बाहेर पडतो. एकाच जिल्ह्यात दोन न्याय! स्ट्रिक्ट मोड लावला तर अशा ओळी चालतच नाहीत, थेट चूक दाखवली जाते, तो लावावाच. पण मुळात ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही, ते अवतरणात ठेवावं. फोन, पिनकोड, सातबाऱ्यावरचा गट नंबर, सगळंच. ४५/२ हा गट नंबर उघडा लिहिलात, तर जावास्क्रिप्ट भागाकार करून २२.५ हातात देते.

याच्या उलटाही गैरसमज आहे: फॉर्मच्या चौकटीत आकडा भरला की संख्या मिळाली. चौकटीची व्हॅल्यू मजकूरच असते, चौकट 'नंबर' प्रकारची असली तरीही. हिंगणघाटच्या बाजारात कापसाच्या दोन गाड्या आल्या, १२ आणि ९ क्विंटलच्या. बेरीज येते १२९! भावाने गुणलं तर उत्तर बरोबर, हमाली वजा केली तरी बरोबर. फक्त अधिकचं चिन्ह मजकुराला मजकूर जोडतं. म्हणून ही चूक उशिरा सापडते. आधी 'नंबर' फंक्शनमधून किंमत काढून घ्यावी. तिथेही सावध राहा. ७,१०० असा स्वल्पविराम किंवा देवनागरी अंक आले तर 'नॅन', म्हणजे संख्या नव्हे, असं उत्तर येतं. ते निदान दिसतं तरी. रिकामी चौकट मात्र गुपचूप शून्य होते.

व्हेरिएबलची नावं इंग्रजीतच हवीत, हेही खरं नाही. 'भाव', 'वजन' ही नावं देवनागरीत चालतात. मध्ये जागा नको, सुरुवातीला अंक नको. नोकरीत चारचौघांसोबत काम करताना इंग्रजी नावंच बरी, शिकताना मराठी बिनधास्त वापरा.

राहिला 'कॉन्स्ट', म्हणजे व्हेरिएबल तयार करताना नावाआधी लिहायचा शब्द. तो २०१५ साली 'लेट' या तशाच दुसऱ्या शब्दासोबत आला. त्याने नाव दुसऱ्या किमतीला देता येत नाही, एवढंच. कॉन्स्टने केलेल्या तालुक्यांच्या यादीत नवं नाव खुशाल घालता येतं.

शंका आली की एफ-१२ दाबून कन्सोल उघडा आणि व्हेरिएबलच्या नावाआधी 'टाइपऑफ' लिहून विचारा. 'स्ट्रिंग' आलं तर मजकूर, 'नंबर' आलं तर संख्या.